काकीस, निम्म्या पिल्लांच्या हिशेबासह

काकी,

पत्राची सुरुवात रीतसर नमस्काराने आणि ‘तुम्ही’ने करणार होतो. पण ‘तुम्ही-तुम्ही काय लावलायस, मी काय मामलेदारीन हाय?’ हे तू पहिल्याच दिवशी सुनावलं होतंस, म्हणून राहू दे. हे पत्र तुझा नातू मोबाईलवरून तुला वाचून दाखवील. त्याला सांग, मधलं काही गाळायचं नाही. त्याच्या कुत्र्याचा विषयही यात आहे.

२०२० च्या पावसाळ्याच्या तोंडावर मी डोंबिवलीहून देवरुखजवळच्या आपल्या वाडीत परत आलो आणि ३८ गावठी कोंबड्या पाळल्या, ते अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. दोन महिन्यांत त्यातल्या १९ गेल्या, हे फक्त तुला ठाऊक होतं. कारण तू वरच्या अंगणातून रोज मोजत होतीस.

ज्या सकाळी तू खाली उतरलीस ती सकाळ मला अजून दिसते. खुराड्यात तीन कोंबड्या पडलेल्या. दोघींची मुंडकी नाहीत, बाकी अंग शाबूत. दार बंद, कडी तशीच. मी देवाधर्माच्या वाटेला लागण्याच्या बेतात होतो. वाडीतल्या कुणी ‘यंदा राखण चुकली’, म्हणजे राखणदाराला कोंबडा द्यायचा राहिला, असंही सुचवून झालं होतं. तू उकिडवी बसलीस, जाळीला लागलेलं रक्त बोटाने दाखवलंस आणि म्हणालीस, ‘ह्या आत शिरलंच नाय. भायेरनंच वढलान.’

कोंबड्या जाळीला टेकून झोपत होत्या. रात्री त्यांना दिसत नाही, त्यामुळे जागच्या हलतही नाहीत. उदमांजर असो की रानमांजर, त्याने सहा कोनी भोकांतून पंजा घालून मान ओढली आणि जेवढं बाहेर आलं तेवढं नेलं. त्या जाळीला दुकानात कोंबडीजाळीच म्हणतात. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. तुझ्या सांगण्यावरून बसायची काठी मधोमध घेतली, खालचा दोन फूट भाग चिऱ्यांनी बंद केला आणि वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश ठोकली. उकरणाऱ्यांसाठी तीच जाळी बाहेरच्या बाजूला हातभर जमिनीवर आडवी पसरून वर माती लोटली. भिंतीच्या कडेला उकरायला लागलं की नखं जाळीवर अडतात. मागे सरून उकरावं एवढी अक्कल त्यांना नसते, असं तुझं म्हणणं. तेव्हापासून रात्रीचं मरण थांबलं.

दिवसाचं थांबलं नव्हतं. तिथे मात्र मी जे करायला निघालो होतो त्याबद्दल तुझे आभार मानायचे की माफी मागायची, हे अजून ठरत नाही. गडग्याच्या दगडांतून मुंगूस येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारी सगळी वाडी लवंडली की पिल्लू कमी. मी बागेसाठी आणलेलं औषध अंड्यात घालून गडग्याशी ठेवणार होतो. तू अंडं हातातून काढून घेतलंस. ‘कोन खाईल ता म्हायत हाय काय तुला? आनि मुंगूस गेला तर फुरसा कोन खाईल, तू?’ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाचं नाव काढलं की पुढे वाद उरत नाही. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते मला पुष्कळ नंतर कळलं. तुला कायदा माहीत नव्हता, पण त्या दिवशी तू मला गुन्ह्यातून वाचवलंस, आणि बहुधा कुणाच्या तरी कुत्र्यालाही.

त्याऐवजी तू डालगं आणून दिलंस. पिल्लांची आई दुपारी डालग्याखाली, वर अर्धा चिरा. दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत पिल्लांना मोकळं सोडायचं ते आपण अंगणात असू तेव्हाच. एवढंच. मी यासाठी यूट्यूबवर रात्री जागवल्या होत्या.

कोंबड्याचं ऐकायला शिकवलंस त्याबद्दल वेगळे आभार. वरून शिक्रा किंवा घार आली की तो एकच लांब, बारीक आवाज काढतो आणि सगळ्या झुडपात दडतात. जमिनीवरून काही आलं तर मान उंच करून ‘टक टक टकाक’ चालू. पहिला ऐकला तर आभाळात बघायचं, दुसरा ऐकला तर काठी घेऊन धावायचं. मी हे एका मित्राला सांगितलं तर तो हसला. मग त्याला दाखवलं: अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना डोक्यावरच्या पडद्यावर ससाण्याची आकृती आणि समोरच्या पडद्यावर रॅकून नावाचं जनावर दाखवून हेच तपासलं आणि १९९३ मध्ये छापलं. तू मात्र स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सांगतेस, की ‘तुझ्या खाली घार आली’.

अंड्यांचंही तसंच. टरफलं पडलेली असतील तर मुंगूस किंवा कावळा. काहीच मागे नसेल तर नाग येऊन गेला म्हणायचं आणि हात घालण्याआधी काठी घालायची.

तुझं सगळंच खरं ठरलं असं मात्र नाही हं. कावळ्यांसाठी टांगलेली काळी पिसं जेमतेम पंधरा दिवस चालली. मग कावळे त्याच दोरीवर बसू लागले. मिरकरवाड्याहून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं वर पसरलं तेव्हा कुठे पिल्लं वाचली. पण ते मी जमिनीपर्यंत सोडलं आणि त्यात धामण अडकली. सर्पमित्र आला, तू तुझ्या शिवणाची कातरी दिलीस, आणि अर्धा तास एकेक फास कापत होतो. धामण गेली तेव्हा तू म्हणालीस, ‘कातरी बोथट केलीस.’ आता जाळं जमिनीपासून हातभर वर आहे, आणि कातरीला धार लावून आणलेली आहे. येताना आणतो.

आता कुत्र्याचं. नातवाच्या कुत्र्याने दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, मारल्या तेव्हा कुणीच पाहिलं नव्हतं, मी मुंगसावर नाव घातलं होतं. तू न बोलता संध्याकाळी दोन तलंगा माझ्या अंगणात सोडून गेलीस. पिसांवरून ओळखलं असणार. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण काय बोलावं ते सुचलं नाही.

हल्ली दिवेलागणीच्या आधी टिनाच्या डब्यात कण्या खुळखुळवतो. सगळ्या धावत येतात. शेवटची आत गेली की मोजतो, मोठ्याने, तू सांगितलंस तसं, म्हणजे वर तुलाही ऐकू जातं. काल ४६ झाल्या. तू बरोबर ‘सेहेचाळीस’ म्हणालीस, मी ऐकलं.

आता मुख्य काम. तू अर्धेलीने, म्हणजे निम्मी पिल्लं तुझी या बोलीवर, दिलेल्या खुडूक कोंबडीने २१ दिवसांनी ११ पिल्लं काढली होती. एक शिक्र्याने नेलं, दहा वाढली. म्हणजे तुझी पाच. चार तलंगा आणि तो तांबडा कोंबडा तुझ्या वाट्याला काढून ठेवलाय. शिमग्याआधी ने. कोंबडा राखणीला द्यायचा तुझा विचार असेल तर मला आधी सांग. घार आली की पहिला ओरडतो तो तोच. त्याच्याऐवजी मी दुसरा देईन.

तुझा,
खालच्या घरातला