मेरिट लिस्ट लागत नाही, बाबा

ब्रॅम्प्टन,
१० ऑगस्ट

ती. बाबा व ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

मी इथे कॅनडात वकिलीच्या प्रवेशासाठी अर्ज करतेय म्हटल्यावर रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मेरिट लिस्ट कधी लागते?" मी म्हटलं, लागतच नाही, आणि तुमचा आवाज एकदम बदलला. पोरीला कुणीतरी गंडवतंय, असं वाटलं ना? तिकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे माझी बस आलेली, त्यामुळे धड बोलणंच झालं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. निखिलला प्रिंट काढून द्यायला सांगा. मोबाइलवर वाचाल तर अर्धं सोडून द्याल.

आधी मुळातलं. इथे बारावीनंतर थेट वकिलीला जाता येत नाही. त्याला अपवाद क्वेबेक प्रांताचा. तिथे फ्रेंच वळणाचा दिवाणी कायदा चालतो आणि त्याचं शिक्षणही वेगळं असतं. बाकी सगळा देश आपल्यासारखाच इंग्रजांच्या कॉमन लॉचा. तिथे आधी पदवीचं शिक्षण आणि मग तीन वर्षांचं जेडी. पूर्वी यालाही एलएलबीच म्हणायचे. नियमाप्रमाणे दोन-तीन वर्षांचं पदवी शिक्षण बहुतेक ठिकाणी चालतं, पण निवड झालेल्यांत चार वर्षांची पदवीवालेच जास्त असतात. माझं तीन वर्षांचं बीए आणि वर एमए आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

आपल्याकडे सीईटी झाली की मार्क, मार्कांवरून नंबर, मग कॅपच्या फेऱ्या. कितव्या नंबरला कुठलं कॉलेज मिळेल, हे गल्लीतलं पोरगंही सांगतं. इथे तसं काहीच नाही. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या कॉलेजांचे अर्ज ओल्सास नावाच्या एकाच खिडकीतून जातात, मुदत सहसा १ नोव्हेंबरची. पण पुढे प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने अर्ज वाचतं. टोरांटो विद्यापीठ पदवीची चांगली तीन वर्षं धरतं. विंडसर मार्कांपलीकडे माणूस काय करून आलाय तेही बघतं. होकार-नकार हिवाळ्यापासून येऊ लागतात, आणि वेटिंग लिस्ट पार उन्हाळ्यापर्यंत हलत राहते. तेव्हा जानेवारीपासून रोज "आलं का काही?" असं विचारू नका. आईला तर आत्ताच सांगून ठेवा.

आता परीक्षा. तिचं नाव एलसॅट. गुण १२० ते १८०, आणि टोरांटोसारख्या ठिकाणी १६५ च्या पुढचेच लोक जास्त असतात. तीत कायद्याचा एकही प्रश्न नसतो. कलम नाही, व्याख्या नाही, सामान्यज्ञानही नाही. काही उतारे वाचून समजून घ्यायचे, आणि बाकी युक्तिवाद देतात आणि त्यात खोट कुठे आहे, असलं विचारतात. तुमच्यासाठी एक प्रश्न मीच रचलाय: "ज्या पक्षकारांनी महागडा वकील दिला ते बहुधा जिंकले. म्हणून महागडा वकील दिला की दावा जिंकतो." यात काय चुकलं? तुम्ही आयुष्यभर कोर्टात काढलंत, चटकन सांगाल की ज्याची बाजू मुळात भक्कम असते तोच पैसे ओतायला तयार होतो. झालं, हाच एलसॅट! फक्त ३५ मिनिटांत असे पंचवीसेक सोडवायचे, आणि पाचही पर्याय बरोबर वाटतील अशा बेताने लिहिलेले. रात्री जेवण झाल्यावर मी एक विभाग घड्याळ लावून सोडवते. मग चुकलेल्या प्रश्नांपाशी बसते, आणि त्यातच जास्त वेळ जातो.

पूर्वी या परीक्षेत कोडी असायची. सहा माणसं, सहा खुर्च्या, अमका तमक्याशेजारी बसणार नाही, असली. ऑगस्ट २०२४ पासून ती गेली. का गेली ते तुम्हाला आवडेल. अमेरिकेत मिशिगनमध्ये दृष्टिहीन परीक्षार्थींनी दावा लावला होता की ही कोडी आकृती काढल्याशिवाय सुटत नाहीत आणि आकृती आम्ही काढायची कशी? २०१९ मध्ये तडजोड झाली आणि परीक्षा घेणाऱ्यांना तो विभागच बदलावा लागला. वकिलीची प्रवेशपरीक्षा दाव्यामुळे बदलली, यापरतं काय हवं!

मार्कांचं म्हणाल तर इथे ६२ टक्के म्हणजे जेमतेम सी. माझी गुणपत्रिका कुणी तशीच वाचली असती तर दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून परदेशी पदवीचं आधी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ते करणाऱ्या संस्थेला आपल्याकडे फर्स्ट क्लास कितीला मिळतो ते ठाऊक असतं.

मला सगळ्यात जड जातंय ते स्वतःबद्दल लिहिणं. एक निबंध, 'पर्सनल स्टेटमेंट' म्हणतात. आपल्या घरात स्वतःची टिमकी वाजवलेली कुणाला खपत नाही, आणि इथे दोन पानं फक्त 'मी'. शिवाय आजवर केलेल्या नोकऱ्या, स्वयंसेवा, बक्षिसं यांची यादी, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती खरी असल्याचं सांगेल अशा माणसाचं नाव आणि फोन. तुमच्या बेलिफीच्या काळातला पंचनामाच म्हणा ना, पंचाशिवाय ओळ नाही. "न्यायाची आवड लहानपणापासून" असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ते काढून टाकलं. असं हजारो लोक लिहीत असणार. आता मी काम करते त्या क्लिनिकमधलं, म्हणजे कायदेविषयक मदत केंद्रातलं, काम लिहिलंय. तळघरातल्या एका खोलीत पाच पोरं, भाड्याचा करार नाही, पावती नाही, मालक म्हणतो उद्या निघा. मी त्यांचे फॉर्म भरते, कागद लावते, तारीख सांगते. पण सुनावणीत त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही. मला तिथे उभं राहायचंय. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते साध्या वाक्यात यायला महिना गेला.

शिफारसपत्राचंही असंच. आपल्याकडे "सदर विद्यार्थिनी सुस्वभावी असून चांगल्या घराण्यातील आहे" असं लिहून देतात. त्याचा इथे उपयोग शून्य. माझी विचार करण्याची, लिहिण्याची पद्धत कशी, वर्गात कुणाचं म्हणणं खोडून काढलं होतं का, तेव्हाच्या मुलांत मी कुठे बसत होते, असं काही ठोस हवं. इंग्रजीच्या मॅडमना मी मेल केलाय. त्या रस्त्यात भेटल्या तर नुसता नमस्कार करा, चारित्र्याचा विषय काढू नका!

आता तुमची सूचना. "साताऱ्याला ये, मुल्ला लॉ कॉलेजात तीन वर्षांचं एलएलबी कर, खर्चही नाही, मग जा." मी खरंच त्यावर विचार केला. बाहेरची वकिलीची पदवी असणाऱ्यांसाठी इथे एनसीए नावाची समिती आहे. ती तुमची पदवी तपासते आणि इथले विषय नेमून देते: राज्यघटना, फौजदारी, प्रशासकीय कायदा, व्यावसायिक नीती वगैरे. त्या परीक्षा दिल्या की इथल्या पदवीधरांच्या रांगेत उभं राहता येतं. आत्याच्या राहुलसाठी हा रस्ता उत्तम, कारण त्याच्याकडे पदवी आहेच. त्याने परत तीन वर्षं जेडी करण्यात काही अर्थ नाही, हे आत्याला नक्की सांगा. माझं गणित वेगळं आहे. माझी तीन वर्षं तिकडेही जाणार आणि इकडेही. त्यात पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहावं लागतं. आणि परत आल्यावर त्या परीक्षा द्यायच्याच, आणि कुणी ओळखत नसताना आर्टिकलिंगची जागा शोधायची. आर्टिकलिंग म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, ती बहुतेकांना चुकत नाही.

पैशाचं लपवत नाही. टोरांटो विद्यापीठाची फी वर्षाला सुमारे ३३ हजार डॉलर, म्हणजे विसेक लाखांच्या वर. थंडर बेच्या लेकहेडसारख्या ठिकाणी बरीच कमी, पण तिथली थंडी सोसायची. पीआर असल्याने सरकारी कर्ज-अनुदानाला मी पात्र आहे. तुम्ही जमिनीचा विषय काढू नका, मी घेणार नाही.

नागरिकत्व नसताना सनद देतील का, हेही तुम्ही विचारलं होतंत. देतात. पूर्वी ब्रिटिश कोलंबियात देत नसत. मार्क अँड्र्यूज नावाचा ऑक्सफर्डला शिकलेला ब्रिटिश माणूस त्यावर कोर्टात गेला, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाची अट समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. बाकी ऑन्टॅरिओत सनदेसाठी दोन परीक्षा असतात, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा, आणि त्यांना पुस्तकं-टिपणं घेऊन बसू देतात. आई म्हणेल, मग सोपंच की. नाही गं, पानं चाळायला वेळच पुरत नाही म्हणतात.

एक काम आहे, बाबा. गणपतीच्या सुट्ट्या लागायच्या आत शिवाजी विद्यापीठात जाऊन या. बीए आणि एमए दोन्हींच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि माझं अधिकारपत्र निखिलच्या मेलवर पाठवलंय. ओळखीसाठी तुमचं आधार न्या. पाकीट तुमच्या हातात देऊ लागले तर घेऊ नका. ते विद्यापीठाकडूनच, बंद करून, शिक्का मारून मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे परस्पर गेलं पाहिजे. पाकिटावर माझा संदर्भ क्रमांक लिहिलाय की नाही, ते डोळ्यांनी बघा आणि मगच तिथून निघा. फीची पावती जपून ठेवा. येताना घाई करू नका, एसटीने या, निखिलच्या मोटारसायकलवर बसू नका.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
माधुरी