हिमोग्लोबिन बारा झालं, पण लोहाचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमध्ये हल्ली महिला मंडळांची, सोसायट्यांची, गणेशोत्सवातली हिमोग्लोबिन तपासणी शिबिरं बरीच होतात. ती हवीतच. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ सांगतं. पण बोटाला सुई टोचायची, आकडा (१०० मिलि रक्तातले हिमोग्लोबिनचे ग्रॅम) १२ च्या खाली आला की गोळ्यांची पट्टी हातात ठेवायची आणि वर आला की पुढच्या बाईंना बोलवायचं, इथंच बहुतेक शिबिरं आटोपतात. त्यात काय निसटतं ते मांडण्यासाठी हे पत्र.

तांबडी पेशी ही सात-आठ मायक्रॉनची, मध्ये दबलेली चकती. तिच्यात केंद्रक नसतं, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात, त्यामुळे ती वाहते त्या ऑक्सिजनमधला थेंबभरही स्वतःसाठी खर्च करत नाही. एका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू आणि प्रत्येक अणूवर ऑक्सिजनचा एक रेणू. १ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. म्हणजे हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलि रक्तात साधारण २० मिलि, आणि ७ असेल तर साडेनऊच्याही आत.

करोनापासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दल इथंच सांगायला हवं. असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय एवढंच ते यंत्र दाखवतं. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे त्याला कळत नाही. ७ हिमोग्लोबिनच्या बाईंचं बोटही ९८ दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. शिवाय रक्तक्षय हळूहळू वाढला तर पेशींमध्ये डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो आणि हिमोग्लोबिन ऊतींमध्ये ऑक्सिजन अधिक सहज सोडू लागतं. म्हणून ७ वर असलेली बाई स्वयंपाक, धुणीभांडी, जिने सगळं उरकत असते. ‘मला काही त्रास नाही’ हे तिचं म्हणणं खरं असतं, पण तो निरोगीपणाचा पुरावा नव्हे.

आता लोहाकडे वळतो. पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस. म्हातारी पेशी प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी गिळतात. हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, म्हणजे हीम, फोडला जातो, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य आणि किंचित कार्बन मोनॉक्साइड निघतो (होय, तोच विषारी वायू, शरीर तो रोज थोडा बनवतं), आणि लोह मोकळं होतं. फेरोपोर्टिन या दारातून ते रक्तात येतं, ट्रान्सफेरिन हे रक्तातलं वाहक प्रथिन त्याला अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) पोचवतं आणि तिथं नव्या पेशीत बसतं. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आतड्यातून येतं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकी सगळं जुन्या पेशींतलंच. लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, त्यामुळे आवक-जावकीवर नियंत्रण फक्त प्रवेशाशी. ते काम यकृतात बनणारं हेप्सिडिन हे संप्रेरक करतं. ते वाढलं की फेरोपोर्टिन बंद होतं, आतड्यातलं लोह आत येत नाही आणि भक्षक पेशींतलं बाहेर पडत नाही.

ही साखळी माहीत असेल तर गोळीबाबतच्या बऱ्याच चुका टळतात. जुनाट संसर्ग किंवा सांधेदुखीचा दाह असेल तर हेप्सिडिन चढलेलंच राहतं. अशा रुग्णाला महिनोन्‌महिने गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही आणि दोष गोळीच्या कंपनीला दिला जातो. गोळी घेतल्यावरही हेप्सिडिन सुमारे दिवसभर वाढलेलं असतं. म्हणून एका डोसाचे दिवसातून दोन-तीन भाग करण्यात फायदा नाही, आणि एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. गरोदरपणात मात्र सरकारी कार्यक्रमातली ६० मिलिग्रॅमची लाल गोळी रोजच घ्यायची, तिथं स्वतःच्या मनाने दिवस गाळू नयेत. तिच्यासोबत मिळणारी कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. दोन्ही एकदम गिळल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि नेमक्या त्या एकदमच गिळल्या जातात.

आपल्या इंदूरच्या न्याहारीबद्दलही थोडं. पोह्यांवर लिंबू पिळणं उत्तम, क जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह शोषायला मदत होते. पण त्यावर लगेच कटिंग मारला की चहातलं टॅनिन त्यावर पाणी फिरवतं. चहा आणि गोळी किंवा जेवण यांत तासाभराचं अंतर हवं. बीट आणि डाळिंबाचा लौकिक त्यांच्या रंगामुळे आहे. दोन्हींत १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमहूनही कमी लोह असतं. कमतरता खरोखर असेल तर ती बिटाच्या रसाने भरून निघत नाही.

पट्टी संपली, हिमोग्लोबिन १२ झालं आणि गोळी बंद केली, हे तर घरोघरचं. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) म्हणजे बँकेतली शिल्लक. शरीर आधी खिसा भरतं. म्हणून हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, नाहीतर दोन-चार पाळ्यांत पुन्हा मूळपदावर. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. दाह असेल तेव्हा मात्र फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेही लक्षात ठेवायचं. रक्तदात्यांनाही हे लागू आहे. ४५० मिलि रक्तासोबत २०० मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. पेशी काही आठवड्यांत भरून येतात, साठा फक्त आहारावर भरायला महिने लागतात. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर त्यासाठीच आहे.

आणि ज्यांना लोह द्यायचंच नाही, त्यांचं काय? इंदूरमध्ये सिंधी समाज मोठा आहे, आणि बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचे वाहक त्या समाजात जास्त आढळतात. वाहकाचं हिमोग्लोबिन १०-११ असतं, पेशी लहान असतात, आणि शिबिरात त्याला हमखास गोळ्या मिळतात. साठा पुरेसा असताना वर्षानुवर्षं दिलेलं लोह साचतंच, कारण बाहेर जायला वाट नाही. फरक ओळखायला साध्या सीबीसीतले (रक्तपेशींच्या मोजणीतले) दोन आकडे बहुधा पुरतात: एमसीव्हीला, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाला, तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागा. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.६ असतील तर उत्तर ११. ते १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय धरून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) करायची, त्यात वाहकाचं एचबीए-२ हे एका प्रकारचं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. एमसीव्ही ७० आणि पेशी ४ असतील तर उत्तर साडेसतरा, तिथं लोहाची कमतरता संभवते. लोह फार कमी असेल तर एचबीए-२ खोटं खाली दिसू शकतं, म्हणून लग्न ठरवताना एकाच अहवालावर विसंबू नये. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के.

म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना विनंती: बोटातून रक्त दाबून काढू नका, ऊतींतला द्रव मिसळून आकडा खोटा खाली येतो. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघेल त्यांचं शिरेतून रक्त घेऊन सीबीसी करा, आणि एमसीव्ही व पेशींची संख्या त्यांच्या कागदावर लिहून द्या. पाळी कायमची थांबलेल्या बायका आणि कोणत्याही वयाचे पुरुष यांना तर गोळी देऊन घरी पाठवूच नये. त्यांच्यात लोह कमी होण्याचं कारण बहुतेकदा पोटातला छुपा रक्तस्राव असतं: अल्सर, सतत घेतलेली वेदनाशामकं, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग. गोळी सुरू झाली की शौच काळं होतं, आणि मग रक्तामुळे आलेला काळेपणाही गोळीच्या नावावर खपतो. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं शौच असेल तर ते गोळीमुळे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, इंदूर