ओट्यावरही कर?

महोदय,

माझं टेलरिंगचं दुकान जेमतेम १२० चौरस फुटांचं. मालमत्ता कराच्या बिलात मात्र १६५! आकारणीचा उतारा काढला तेव्हा उलगडा झाला: गिऱ्हाईक चपला काढतं तो ओटाही मापात धरलेला. मग स्वतः टेप लावली, नकाशा जोडून हरकत घेतली. फेरमोजणीत क्षेत्र कमी झालं.

मुंबईत २०१० पासून हा कर भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या बाजारभावावरून ठरणाऱ्या किमतीवर आहे. इतर बहुतेक महापालिकांत तो वार्षिक करयोग्य मूल्यावर बसतो, म्हणजे अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून. तेव्हा क्षेत्रफळ, वापर, जागा स्वतःची की भाड्याची, यातली एक नोंद चुकली की दरवर्षी भुर्दंड. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणून वाद चालू असतानाही मी बिल भरलंच. हरकत कायम ठेवून.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे. मग पानटपरीएवढ्या गाळ्यांसाठी बिगरनिवासी दरात एखादा खालचा टप्पा का नको? आणि निदान मोजमापाचा तपशील तरी बिलावरच छापा. त्या उताऱ्यापायी ऐन लग्नसराईत माझं दुकान तीन दिवस बंद होतं.

– एक शिंपी