लघवीची तक्रार आणि इस्ट्रोजेन

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

लघवीच्या तक्रारीसाठी योनीमार्गात लावायचे मलम, आणि तेही संप्रेरकाचे, हे कसे काय, असे तू विचारलेस. फोनवर दोन वाक्यांत ते नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

गर्भात असताना मूत्राशय, मूत्रमार्ग आणि योनीमार्गाचा खालचा भाग हे एकाच मूळ रचनेतून घडत जातात, आणि पुढे आयुष्यभर या सर्व ठिकाणी, तसेच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंमध्येही, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे रिसेप्टर (पेशींवरील ग्राहक रेणू) असतात. इस्ट्रोजेनमुळे मूत्रमार्गाचे आतले अस्तर जाड आणि ओलसर राहते, त्याखालच्या रक्तवाहिन्या भरलेल्या राहतात, त्यामुळे ते नळातल्या वायसरासारखे घट्ट मिटते. पाळी गेल्यावर अंडाशयाकडून येणारे इस्ट्रोजेन आटते, अस्तर पातळ पडते आणि मग जळजळ, वारंवार लागणे, लागली की धीर न निघणे अशा तक्रारी सुरू होतात. चेहरा, मान आणि छातीवर येणारी गरमी बहुतेकींची काही वर्षांत ओसरते. ही तक्रार मात्र उपचारांशिवाय सहसा आपणहून जात नाही, उलट वाढत जाते.

जंतुसंसर्गाचे कारण याहून थोडे आडवळणाचे आहे. इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठते, त्यावर वाढणारे लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि तेथील सामू (pH, जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.५ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो. पाळी गेल्यावर हे उपकारक जंतू कमी होतात, सामू ५ च्या वर जातो, आणि आतड्यातले ई. कोलाय तेथे ठाण मांडून शेजारच्या मूत्रमार्गात शिरतात. प्रतिजैविकांनी चालू संसर्ग बरा होतो, पण ही जमीन तशीच राहते. रॅझ आणि स्टॅम या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी ज्यांनी योनीमार्गात एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) मलम लावले त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर औषधविरहित मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. एवढा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

मग गोळीच का घेऊ नये, असे तुला वाटेल. मलाही तेच सोपे वाटले असते, परंतु अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातून २००५ साली पुढे आले की तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या, आधी तक्रार नसलेल्या स्त्रियांत लघवी नकळत सुटण्याचे प्रमाण उलट वाढले. स्थानिक, कमी मात्रेच्या मलमातून रक्तात फारच थोडे औषध जाते आणि काम जिथे हवे तिथेच होते. फक्त त्याला काही आठवडे द्यावे लागतात, आणि बंद केले की तक्रार परतते. खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटत असेल, तर मात्र मलमावर विसंबून न राहता ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करावा, हे मला अधिक पटते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे मलम वापरू नये. लघवीतून रक्त दिसले, तर वयाचे कारण पुढे न करता त्याची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी.

लघवीच्या तपासणीत जंतू दिसले पण त्रास काहीच नसला, तर बहुधा प्रतिजैविक लागत नाही; हे मुद्दाम लिहिते, कारण अहवाल पाहून घाबरण्याची आपल्या घरात सर्वांना सवय आहे.

हे सगळे फक्त माझ्या वयाचे आहे असेही समजू नकोस. बाळाला अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमीच असते, त्यामुळे तुला सध्या जाणवणारा कोरडेपणा आणि आग याच कारणाने असू शकते. ती बहुतेक वेळा पाजणे कमी होऊन पाळी सुरू झाल्यावर जाते. तरीही लघवीची एकदा तपासणी करून घे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पाजत असल्याचे आधी सांग, म्हणजे औषध ठरवताना त्यांना ते लक्षात घेता येईल.

तुझी,
आई