कीबोर्डला हात न लावणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

टॅबची कळ वापरायला शिकवलीत, त्याचे आभार तोंडावर मानले असते तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय उडवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याआधीही लॅबमध्ये लिनक्स येणारी माणसं होती. हुशार होती, ते नाकारत नाही. पण शंका विचारली की कीबोर्ड ओढून घ्यायचा, खडखड चार ओळी मारायच्या आणि "झालं, बघ" म्हणत चहाला सटकायचं. मी आपली 'फायनल नवीन खरंच फायनल' असल्या नावांच्या फाइली एकेक अक्षर पडताळत टाइप करायचे आणि शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, म्हणायचा, अशी फाइलच नाही.

तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि चक्क हाताची घडी घातलीत. "दोन अक्षरं टाइप कर, टॅब दाब." दाबलं, तर नाव 'फायनल'पर्यंत भरलं आणि टुंग! मी दचकून हात मागे घेतला. तुम्ही हसला नाहीत. "ओरडत नाहीये तो. पुढे दोन-तीन फाइली आहेत, त्यातली कुठली ते विचारतोय. पुन्हा दाब." पुन्हा दाबलं तर सगळी नावं खाली हजर. पुढचं एक अक्षर, परत टॅब, की अख्खं नाव उमटलं. प्रत्येक मोकळ्या जागेआधी उलटी तिरकी रेघ त्याने आपणहून घातलेली. ती नसली की शेल एका नावाच्या चार फाइली समजतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

भीती मात्र तुमच्या एका वाक्याने गेली: "एंटर दाबेपर्यंत कुठलीच आज्ञा चालत नाही." आमच्या शेलचं नाव बॅश. टॅब दाबलेलं त्याची रीडलाइन लायब्ररी, म्हणजे टाइप होणारी ओळ सांभाळणारा भाग, पकडते. ओळीतला पहिला शब्द असेल तर कमांड (आज्ञा) शोधते, पुढचा असेल तर फाइल, डॉलरचं चिन्ह दिसलं तर व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन साठवलेली किंमत. आणि काहीच भरलं नाही, तर बहुतेक त्या नावाचं तिथे काही नाहीच, हेही आधीच कळतं. फाइल पुसणाऱ्या 'आरएम' कमांडच्या वेळी तर मी आता टॅबशिवाय एंटरकडे बोटही नेत नाही.

नाव आपोआप पूर्ण करण्याची ही सोय टेनेक्स या जुन्या संगणक प्रणालीतली. केन ग्रीअर यांनी ती सी शेल नावाच्या जुन्या शेलमध्ये आणली, त्यातून टीसीशेल हा शेल झाला; आमचा बॅश १९८९चा. रीडलाइन आणि बॅश वर्षानुवर्षं सांभाळणारे चेट रेमी मला ओळखत नाहीत, तरी त्यांचेही आभार. स्वतःला येत असलेली गोष्ट समोरच्याच्या गतीने त्याला येऊ देणारी माणसं कमीच भेटतात. बाकीच्यांना आपला वेग दाखवायचा असतो.

आणि हो, जाता जाता ती इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंगच्या फाइलमधली ओळ, कॅपिटल-स्मॉलचा भेद न करता टॅब चालवणारी. घाईत होतात, मोबाइल वाजत होता. तरी तीही माझ्याच हातून लिहून घेतलीत.

तुमची,
खिडकीजवळच्या मशीनवाली