तिला काही खायला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रार्थनेने रोग बरे होतात असे सांगणाऱ्या चंगाई सभांबद्दल ‘चंगाई सभांवर बंदी घाला’ आणि ‘आमच्या श्रद्धेत नाक खुपसू नका’ अशी दोन्ही बाजूंची पत्रे गेले पंधरा दिवस आपल्याकडे छापून येत आहेत. मी ख्रिस्ती आहे, चमत्कार मानते. आणि चौतीस वर्षे परिचारिका म्हणून वॉर्डात काढली आहेत. त्यामुळे या भांडणात मला कुठल्याच बाजूला धड बसता येत नाही.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. पोरगी बारा वर्षांची, ती गेली म्हणून घरात रडारड चाललेली. येशू जमलेल्यांना बाहेर काढतो, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतो, तिचा हात धरून ‘तलीथा कूम’ म्हणतो. मुली, ऊठ. ती उठून चालू लागते. सभेतले प्रवचन इथे टाळ्यांत संपते. पुढची ओळ सहसा कोणी वाचत नाही. हे कोणाला कळू देऊ नका, असे तो बजावतो आणि तिला काही खायला द्या, म्हणतो. बाकी सगळे थक्क होऊन उभे. पोरीच्या पोटात काही नाही, हे त्याच्या एकट्याच्या लक्षात. मी ती ओळ पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला हसूच आले. आमच्या मोठ्या सिस्टर राउंडला अगदी अशाच विचारायच्या, ‘ताप उतरला ना? मग पेज दिली का?’

कुष्ठरोग्याचेही तेच. नुसत्या शब्दाने त्याला बरे करता आले असते. येशूने आधी हात लावला. आणि मग सांगितले, कोणाला बोलू नकोस, जाऊन याजकाला, म्हणजे धर्मगुरूला, दाखव. रोग गेला की नाही हे पाहून ठरवणे मोशेच्या नियमशास्त्राने याजकाकडे सोपवले होते. म्हणजे तपासणी करून घे! आमच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले ते येशूच्याच नावाने, पण हातात शस्त्रक्रियेची सुरी घेऊन.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्याकडे एक बाई दाखल झाली. पायाला चिघळलेली जखम, साखर चारशेच्या वर. कुठल्याशा सभेत डोक्यावर हात ठेवून ‘तू बरी झालीस’ म्हणून सांगितले होते, तेव्हापासून तिने इन्शुलिन सोडले होते. ‘परत सुरू केलं तर माझा विश्वास कमी पडला असं होईल ना, सिस्टर?’ हे ती मला पट्टी बदलताना विचारत होती. दोन बोटे काढावी लागली. सभेकडून कोणी फिरकले नाही. यायची ती शेजारची मुसलमान बाई, रोज संध्याकाळी, डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन. भाकरी कुस्करून भरवायची आणि जाताना डबा वॉर्डातच घासून न्यायची.

लूकच्या शुभवर्तमानात शोमरोन्याचा दाखला आहे: लुटारूंनी वाटेत टाकलेल्या जखमी माणसाला परक्या जमातीचा एक शोमरोनी सांभाळतो. त्यात एकही चमत्कार नाही. जखमेवर तेल आणि द्राक्षारस, पट्टी, आपल्याच जनावरावर बसवून उतारशाळेत नेणे, मालकाच्या हातावर दोन दीनार, आणि वर ‘जास्त खर्च झाला तर परत येताना देईन’. ते बिलाचे वाक्य मला फार आवडते. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक कसे दिसेनासे होतात हे ज्याने पाहिले आहे त्यालाच त्याची किंमत कळेल.

बंदीचे काय ते सरकार बघेल. सभा भरवणाऱ्या माझ्या बंधूंना एवढीच विनंती आहे, की फलकावर जिथे ‘चमत्कार पाहायला या’ असे लिहिता, त्याखाली ‘डॉक्टरांची चालू औषधे बंद करू नका’ ही ओळही छापा. अक्षर तेवढ्याच आकाराचे ठेवा.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका, मिरज