पायपेट्या भंगारात काढू नका

महोदय,

जुन्या चर्चमधली पायपेटी, म्हणजे पायाने भाता दाबून वाजवायची हार्मोनियम, ‘भाता हवा धरत नाही’ म्हणून अडगळीत जाते. बहुतेकदा तिचे पितळी सूर (हवेने थरथरून वाजणाऱ्या पट्ट्या) धड असतात. भात्याचे रबरी कापड तेवढे कडक होऊन चिरलेले असते. सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की लाकूडही आकसते. कापड बदलताना सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) वापरावा. तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. फेविकॉल लाकडाचे टवके घेऊनच निघतो. एखादा सूर वाजतच राहिला, तर झडपेखाली कचरा अडकलेला असतो. मुका सूर मऊ ब्रशने झटकावा, कानस मात्र कृपा करून लावू नये: पट्टीचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि गेलेले पितळ परत येत नाही. पेटी खिडकीच्या उन्हातून आजच हलवा.

– पायपेटी दुरुस्त करणारे, सोलापूर